पहाटे दोनचं विमान, नऊ तासांचा थांबा: लांबच्या विमानप्रवासाची तयारी, क्रमाने

आमचं घर विलेपार्ले पूर्वेला. सहारचा विमानतळ रिक्षाने पंधरा-वीस मिनिटांवर. त्यामुळे अमेरिका-ऑस्ट्रेलियाला निघालेला पुण्या-नाशकाकडचा प्रत्येक नातेवाईक शेवटचं जेवण आमच्याकडे जेवतो आणि मग हॉलच्या मधोमध बॅगा उघडून बसतो. इतक्या जणांना निरोप देऊन एक गोष्ट माझ्या लक्षात आली आहे. सगळे तयारी करतात, पण क्रम चुकवतात. तिकीट काढून झाल्यावर व्हिसाचं बघतात, बॅगा भरून झाल्यावर वजन करतात, आणि वाटेतलं शहर बघायला बाहेर पडल्यावर परत कधी निघायचं ते मोजायला लागतात. खाली क्रम दिला आहे. तो शक्यतो मोडू नका.

## १. तिकीट काढण्याआधी थांबा मोजा

वाटेतला थांबा २४ तासांच्या आत असेल तर तो लेओव्हर. एकाच तिकिटावर असाल तर मोठ्या बॅगा सहसा मुंबईहून थेट शेवटच्या मुक्कामी जातात. २४ तासांच्या वर गेला की तो स्टॉपओव्हर, आणि बॅगा बहुतेक वेळा मधल्या शहरात हातात येतात. दोन दिवस दुबई किंवा सिंगापूर बघायचं असेल तर तिकीट शोधताना ‘मल्टी-सिटी’ हा पर्याय निवडून बघा. कधीकधी भाड्यात फारसा फरक पडत नाही.

सगळा प्रवास एकाच पीएनआरवर हवा. स्वस्त पडतं म्हणून मुंबई–दुबई एका कंपनीचं आणि दुबई–लंडन दुसऱ्या कंपनीचं, अशी सुटी तिकिटं लोक काढतात. पहिलं विमान उशिरा पोचलं तर दुसऱ्या कंपनीला त्याचं सोयरसुतक नसतं, तिकीट वाया जातं. वर बॅगा घ्यायला इमिग्रेशनमधून बाहेर पडावं लागतं, म्हणजे तिथला व्हिसाही हवा.

थांबा किती तासांचा असावा? माझं मत सांगते: अडीच ते चार तास, नाहीतर सरळ नऊच्या वर. दीड तासाचा थांबा कंपनी विकत असली तरी घेऊ नका. सगळ्यात वाईट थांबा पाच ते सात तासांचा. बाहेर पडता येत नाही आणि खुर्चीत बसवत नाही. सोबत आई-वडील असतील आणि व्हीलचेअर घ्यायची असेल तर तीन तास धरूनच चला, कारण विमानातून त्यांना सगळ्यात शेवटी उतरवतात.

सावधान: अमेरिकेत पोचल्यावर आत आणखी एक विमान बदलायचं असेल तर पहिल्या अमेरिकी विमानतळावर बॅगा स्वतः घेऊन पुन्हा द्याव्या लागतात. तिथे तीन तास ठेवा. अबुधाबीमार्गे जाणाऱ्यांचं अमेरिकेचं इमिग्रेशन अबुधाबीतच होतं, म्हणून तिथला थांबा थोडका नको.

## २. मग व्हिसा, आणि तोही मधल्या शहराचा

जिथे जायचं तिथला व्हिसा सगळे काढतात. वाटेतल्या शहराचा विसरतात. भारतीय पासपोर्टसाठी साधारण चित्र असं:

- दुबई, अबुधाबी: ४८ तासांचा ट्रान्झिट व्हिसा निःशुल्क आणि ९६ तासांचा ५० दिरहमचा. प्रक्रियेचे पैसे वेगळे पडू शकतात. हा विमान कंपनीमार्फत निघण्याआधीच काढायचा. तिथे उतरून काउंटर शोधत फिरू नका.
- दोहा: उतरल्यावर व्हिसा मिळतो. पासपोर्ट किमान ६ महिने वैध हवा, पुढचं तिकीट हवं, आणि हॉटेलचं बुकिंग मागू शकतात.
- सिंगापूर: अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा अशा काही देशांचा वैध व्हिसा असेल आणि पुढचं तिकीट पक्कं असेल तर ९६ तासांपर्यंत व्हिसाशिवाय सवलत मिळू शकते. अरायव्हल कार्ड मात्र उतरण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरावं लागतं.
- लंडन: विमानतळाबाहेर पाऊल टाकायचं नसलं तरी ट्रान्झिट व्हिसा लागतो. अमेरिकेसारख्या काही देशांचा वैध व्हिसा असणाऱ्यांना सूट आहे.
- नैरोबी, आदिस अबाबा: थांब्यात शहरात गेलात तर भारतात परतताना पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र दाखवावं लागतं. लस किमान १० दिवस आधी घेतलेली हवी. नसेल तर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.

हे नियम बदलत असतात. तिकिटाचे पैसे भरण्याआधी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर एकदा बघा, आणि निघायच्या आठवड्यात पुन्हा बघा.

तपासा: सूट दुसऱ्या देशाच्या व्हिसावर मिळत असेल तर परतीच्या तारखेलाही तो व्हिसा वैध आहे का? जाताना चालला म्हणून येताना चालेलच असं नाही.

## ३. तिकीट हातात आल्यावर, त्याच आठवड्यात

जेवण. इथे दरवेळी घोटाळा होतो. ‘हिंदू मील’ म्हणजे शाकाहारी, असं समजून लोक एचएनएमएल निवडतात आणि ताटात कोंबडी येते. एचएनएमएल हे मांसाहारी जेवण आहे, फक्त त्यात गोमांस नसतं. आपल्याला रुचेल असं मसाल्याचं शाकाहारी हवं तर एव्हीएमएल. जैन हवं तर व्हीजेएमएल. व्हीजीएमएल म्हणजे दूध-दहीसुद्धा वर्ज्य. निवड निघण्याच्या किमान २४ तास आधी नोंदवलेली हवी. तिकिटात दोन विमानं असतील तर दोन्हींवर नोंद झाली आहे का ते बघा. बऱ्याचदा पहिल्यावरच झालेली असते.

सीट. साठीच्या पुढच्यांना कडेची, म्हणजे पॅसेजकडची. रात्री दोनदा उठायचं आणि दोन परक्या माणसांना ओलांडायचं, या संकोचापायी आमच्या मावशी सोळा तास पाणीच प्यायल्या नाहीत. शेवटची रांग आणि स्वच्छतागृहाजवळची रांग टाळा.

व्हीलचेअर. गरज असेल तर तिकिटातच नोंदवा, निदान ४८ तास आधी. पायऱ्या चढता येतात की नाही हे विचारतात, त्याचं खरं उत्तर द्या. आणि वडीलधाऱ्या माणसाच्या खिशात एक कागद ठेवा: नाव, पुढच्या विमानाचा क्रमांक, घ्यायला येणाऱ्याचा फोन. मधल्या विमानतळावर मदतनीस बदलतात, भाषा बदलते. तिथे हा कागदच बोलतो.

## ४. बॅगा: आधी काटा, मग कपडे

अमेरिकेच्या तिकिटावर साधारण २३ किलोच्या दोन बॅगा मिळतात, पण आपल्या तिकिटावर छापलेलं असेल तेच खरं. हुकाचा वजनकाटा आधी आणा. बाथरूमच्या काट्यावर बॅग घेऊन उभं राहायचं आणि स्वतःचं वजन वजा करायचं, हा उद्योग नको. त्यात माणसाचंही वजन चुकतं. प्रत्येक बॅग २२ वर थांबवा.

आता खाऊ. दिवाळीच्या आधी हा भाग दोनदा वाचा.

सावधान: खसखस. संयुक्त अरब अमिरात आणि सिंगापूरमध्ये खसखस हा बंदी असलेला पदार्थ आहे. आणि अनारशावर काय असतं? करंजीच्या सारणात काय असतं? दुबईहून फक्त विमान बदलायचं असलं तरी हा धोका पत्करू नका. अनारसे न्यायचेच तर तीळ लावून करा.

सावधान: सुकं खोबरं. तेलामुळे ते ज्वालाग्राही मानलं जातं. वाट्या बॅगेत सापडल्या की बॅग उघडायला बोलावतात, आणि तोवर तुम्ही विमानाच्या दारात पोचलेले असता.

लोणचं, तूप, मुरांबा, श्रीखंड यांना सुरक्षा तपासणीत द्रवपदार्थच समजतात. हातातल्या बॅगेत १०० मिलिलिटरपेक्षा मोठी बरणी चालत नाही. आजोबांचा पितळी अडकित्ता मोठ्या बॅगेत टाका. हातात ठेवलात तर तो सहारलाच राहील.

हातातल्या बॅगेत हे हवंच:

- सगळी औषधं, मूळ पाकिटासह, आणि डॉक्टरांची चिठ्ठी. इन्सुलिन कधीही मोठ्या बॅगेत नाही, खाली ते गोठू शकतं. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध किंवा ट्रॅमाडॉल आखातात नियंत्रित आहे. चिठ्ठी असली तरी आधी चौकशी करा.
- पॉवर बँक. ती मोठ्या बॅगेत चालत नाही. १०० वॅट-तासांची मर्यादा असते. २०,००० एमएएचची साधारण ७४ वॅट-तास भरते, म्हणजे चालते. पण बरोबर नेता आली तरी वापरता येईलच असं नाही. सिंगापूर एअरलाइन्सने एप्रिल २०२५ पासून आणि एमिरेट्सने ऑक्टोबर २०२५ पासून विमानात ती वापरायला मनाई केली आहे. फोन घरूनच पूर्ण चार्ज करून निघा.
- एक कपड्यांचा जोड, स्वेटर, दात घासायचं सामान, पेन, कागदपत्रांच्या छापील प्रती.
- दशम्या किंवा तिखट-मिठाच्या पुऱ्या. दुधात भिजवलेली दशमी दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. मात्र उतरण्याआधी संपवा. ऑस्ट्रेलिया-अमेरिकेत खाण्याची वस्तू जाहीर न करता नेणं महागात पडतं.

## ५. निघायची रात्र

सगळ्यात मोठी चूक तारखेची. मुंबईहून लांबची बरीच विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. आमचे एक मामा १४ तारखेच्या रात्री साडेदहाला सोलापूरहून बॅगांसकट दारात हजर. तिकिटावर १४ तारीख, ०१:५५. विमान वीस तासांपूर्वीच गेलं होतं. मामींनी आणलेल्या शेंगाचटणीवर आम्ही आठवडा काढला, पण नवं तिकीट काढायचं ते काढावंच लागलं.

तपासा: तिकिटावरची वेळ ००:०० ते ०५:०० च्या मधली असेल तर कॅलेंडरवर आदल्या दिवसाच्या चौकटीत लिहा: ‘आज रात्री घर सोडायचं’.

त्या दिवसाचा क्रम असा ठेवा. दुपारी दोन तास झोप. सात-साडेसातला हलकं जेवण: वरणभात, मऊ भाजी. निरोपाची पुरणपोळी आदल्या दिवशी. मग आंघोळ, सैल सुती कपडे, पायात सैल बूट. पाय सुजणार आहेत, घट्ट बूट पुन्हा चढत नाहीत. घरून निघतानाच पायात दाबाचे मोजे चढवा, त्याचं कारण पुढे आहे.

विमानतळावर साडेतीन तास आधी पोचा. टॅक्सीवाल्याला ‘टर्मिनल २, सहार’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर तो सांताक्रूझच्या टर्मिनल १ ला नेऊन सोडतो. मेट्रो ३ आता टर्मिनल २ पर्यंत जाते, पण मध्यरात्री ती नसते. मेट्रोनेच यायचं तर संध्याकाळी या. पुण्याहून येणाऱ्यांनी घाटात अडकण्याचे दोन तास वेगळे धरावेत. निरोप द्यायला आलेल्यांना दारापाशीच थांबावं लागतं, म्हणून पाया पडणं, फोटो, डोळे पुसणं सगळं घरीच उरका.

काउंटरवर बॅगेला पट्टी लावतील. ती वाचा. तीन अक्षरी कोड शेवटच्या मुक्कामाचा हवा. न्यूअर्कला निघालात आणि पट्टीवर फक्त डीएक्सबी असेल तर बॅग दुबईतच उतरणार. तिथल्या तिथे विचारा. दोन्ही विमानांचे बोर्डिंग पासही तिथेच मागून घ्या.

वारंवार जाणाऱ्यांनी एक काम करून ठेवावं: भारत सरकारच्या विश्वासू प्रवासी योजनेत, म्हणजे एफटीआय-टीटीपीमध्ये नोंदणी. मुंबईत ती जानेवारी २०२५ पासून आहे. बोटांचे ठसे आणि चेहऱ्याची नोंद झाली की इमिग्रेशन स्वयंचलित दारातून होतं. डिजियात्रा, म्हणजे चेहरा दाखवून विमानतळात शिरायची सोय, मात्र देशांतर्गत प्रवासासाठी आहे, इथे उपयोगाची नाही.

## ६. विमानात

कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटरवर. विमानातली हवा साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असते तितकी विरळ ठेवलेली असते. म्हणजे पूर्ण प्रवासभर तुम्ही कळसूबाईच्याही वर बसलेले असता, तेही कोरड्याठाक हवेत. उंचीवर वायू प्रसरण पावतो, पोटातलासुद्धा. म्हणून आदल्या दिवशी वाल, पावटा, छोले नकोत, आणि विमानात सोडा नको.

बसल्याबसल्या घड्याळ शेवटच्या मुक्कामाच्या वेळेवर लावा आणि झोपेचं त्यावरून ठरवा.

पहिलं विमान आखातापर्यंतचं तीन-साडेतीन तासांचं असेल तर पहाटे तीनला येणारं जेवण नाकारा आणि झोपा. ‘फुकट ते पौष्टिक’ हे इथे चालत नाही. पट्टा पांघरुणाच्या वरून बांधा, म्हणजे हादरे बसताना पट्टा दिसावा म्हणून कुणी उठवणार नाही. झोपेची गोळी घेऊ नका. गोळीच्या झोपेत माणूस हलत नाही, आणि खरा धोका न हलण्यातच आहे.

चार तासांहून लांब प्रवासात पोटऱ्यांतल्या शिरांमध्ये रक्त साकळू शकतं. गरोदर बायका, नुकती शस्त्रक्रिया झालेले, आधी रक्ताची गाठ झालेले, जाड शरीराचे, यांना जोखीम जास्त. दाबाचे मोजे गुडघ्याखालचे घ्या, आणि औषधाच्या दुकानात घोटा व पोटरी मोजून घ्या. अंदाजे घेतलेला मोजा वर गोळा होऊन उलट आवळतो. मधुमेहामुळे पायांचा रक्तपुरवठा कमी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घालू नका. जागं असताना दर दीड-दोन तासांनी उठून एक फेरी मारा. बसल्या जागी टाच टेकवून चवडा वर, मग चवडा टेकवून टाच वर, असं वीस वेळा. दर तासाला थोडं पाणी. कॉन्टॅक्ट लेन्स काढून चष्मा लावा.

सावधान: पोचल्यावर पुढच्या काही दिवसांत एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली किंवा धाप लागली तर ‘प्रवासाचा शीण’ म्हणून सोडून देऊ नका. लगेच डॉक्टर.

विमान उतरू लागलं की जागे व्हा. झोपेत माणूस कमी वेळा गिळतो, म्हणून कान दुखतात. खडीसाखर चघळा. बाळ असेल तर त्याच वेळी पाजा.

## ७. थांब्यावर

पहिलं काम: वेळ. फोन विमान मोडमध्ये असेल तर तो मुंबईचीच वेळ दाखवत राहतो. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे, दोहा अडीच तास मागे, तिथे फार तर लवकर पोचाल. सिंगापूर मात्र अडीच तास पुढे आहे. फोनवर पाच वाजलेले दिसतात तेव्हा तिथे साडेसात झालेले असतात, आणि बोर्डिंग पासवर नेहमी स्थानिक वेळ असते.

मग फलक वाचा. बाहेर पडायचं नसेल तर ‘ट्रान्सफर’ किंवा ‘कनेक्शन्स’. गर्दीमागून ‘अरायव्हल्स’कडे जाऊ नका. पडद्यावर गेट बघा, कारण पासवर छापलेलं बदललेलं असू शकतं. गेट चालत जाऊन एकदा पाहून या, मग तोंड धुवा, कपडे बदला, आणि दुकानं सगळ्यात शेवटी.

बाहेर पडायचं असेल तर आधी वजाबाकी करा. समजा दोह्यात ०५:३० ला उतरलात, पुढचं विमान १४:३० ला. कागदावर नऊ तास. विमानातून उतरून इमिग्रेशनच्या बाहेर यायला ०६:४५. मेट्रोने लाल मार्गावरून मशीरेब, तिथे सोनेरी मार्ग पकडून सूक वाकिफ, ०७:३०. परत विमानतळावर १२:३० ला हवं, म्हणजे शहरातून ११:४५ ला निघायचं. हातात उरले सव्वाचार तास, तेही सकाळचे. बाजारातली दुकानं दुपारी बंद असतात आणि शुक्रवारी मेट्रोच उशिरा सुरू होते. तेव्हा नाश्ता, बाजारात एक फेरफटका, समुद्रकाठचा कॉर्निश, बस्स. यादीत चौथी गोष्ट घालू नका.

दुबईतही तसंच. सकाळी सहाला पोचून मॉलचा उपयोग नाही. खाडीकाठी जा, लाकडी अब्रा नावेतून पलीकडे जा, बर दुबईत इडली खा आणि परत या. जून ते सप्टेंबरच्या दुपारी मात्र बाहेर पडूच नका. मुंबईच्या माणसाला उकाड्याची सवय आहे, त्या भट्टीची नाही.

सिंगापूरच्या चांगी विमानतळावर साडेपाच ते २४ तासांच्या आतला थांबा असणाऱ्यांसाठी शहराची मोफत सहल असते, पण देशात प्रवेशाची परवानगी लागते. सगळ्यांना बघायचा असतो तो ४० मीटरचा धबधबा, ‘ज्वेल’ या मॉलमधला, तोही इमिग्रेशनच्या बाहेर आहे. व्हिसाचं न बघता तिथे निघालेले लोक काचेपर्यंतच पोचतात.

रात्रभराचा थांबा असेल तर आधी कंपनीला विचारा. एमिरेट्सची ‘दुबई कनेक्ट’सारखी सोय अटींत बसणाऱ्यांना हॉटेल देते, पण ती आधी मागून घ्यावी लागते. तिथे पोचून हुज्जत घालून मिळत नाही. नाहीच मिळाली तर टर्मिनलच्या आतलं, तासांवर मिळणारं हॉटेल घ्या. सहा तास आडवं होणं हे दुसऱ्या दिवसाची किंमत वाचवणं आहे.

तपासा, बाहेर पडण्याआधी: पासपोर्ट, पुढचा बोर्डिंग पास, चालणारं कार्ड, औषधं, आणि परत निघायच्या वेळेचा गजर. गजर स्थानिक वेळेचा.

## ८. पोचल्यावरचा पहिला दिवस

दुपारी उतरलात तर झोपू नका. ‘जरा पडतो’ म्हणणारा माणूस रात्री अकराला उठतो आणि आठवडा बिघडवतो. अगदीच डोळे मिटत असतील तर गजर लावून वीस-पंचवीस मिनिटं. अंगावर ऊन घ्या, मुलाच्या सोसायटीभोवती चक्कर मारा, जेवण तिथल्या वेळेला आणि झोप रात्री नऊनंतर.

न्यू जर्सीला गेलात तर पहिल्या तीन-चार रात्री साडेतीनच्या सुमारास टक्क जाग येईल. दिवा लावू नका, फोन हातात घेऊ नका, पडून राहा. उन्हाळ्यात आमच्याकडे तेव्हा दुपारचा एक वाजलेला असतो. फोन नंतर करा, आम्ही जेवत असतो.